रेडिओवरची डोरीन

स्किप्टन, ता. ३ मार्च १९७४

चि. क्लेम यास अनेक आशीर्वाद.

दर सोमवारी संध्याकाळी साडेसहाला तू रेडिओवर माझी अब्रू चव्हाट्यावर मांडतोस. गेल्या खेपेला माझ्या संत्र्याच्या मार्मालेडची पाळी होती. पातेलं करपलं हे खरं, आणि ते मीच तुला जानेवारीत कळवलं होतं. पण अग्निशामक दल आलं, त्यांनी चाखून पाहिलं आणि त्यातले दोघे आडवे झाले, हे कुठून आलं? परवा खाटकाकडे गेले, तर तो विचारतो की बाई, आज कुणाला आडवं करणार. चॅपलच्या विक्रीत माझ्या बरण्या सगळ्यांच्या आधी संपल्या. लोक त्या खायला नेत नाहीत, पाहुण्यांना दाखवायला नेतात.

चार शहाणी माणसं टेबलाशी बसून थापा मारतात, गुण अध्यक्षांच्या लहरीवर मिळतात आणि सगळा देश हसतो. हसू दे बापडा. पण हल्ली तुला पत्र लिहायला बसले की पेन अडतं. एक गोष्ट सांगायची आहे. दोनदा लिहिली आणि दोन्ही वेळा शेगडीत घातली.

आहे तेवढा लोभ पुरे आहे, त्यात थापांची भर नको.

तुझी ताई,
डोरीन


लंडन, ता. ७ मार्च

ती. ताईस क्लेमचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसलो आणि मग जरा शरमलो, याच क्रमाने. दोष थोडा बेसिलचाही आहे. खेळ रंगला की अध्यक्षमहाराज चष्म्यावरून माझ्याकडे बघतात आणि बहिणीचं काय पत्र आलं म्हणून विचारतात. मी तोंड उघडायच्या आतच टाळ्या पडतात. त्या टाळ्या तुला असतात, मी फक्त घेऊन येणारा.

तुला म्हणून सांगतो, माझी अवस्था बरी नाही. मी अठ्ठावन्नचा. शेजारी नवे तिघे आलेत, विद्यापीठातून ताजे. बेसिलचा प्रश्न संपायच्या आत त्यांचं उत्तर तयार, आणि मी अजून घसा साफ करतोय. पूर्वी मलाही सुचायचं. आता माझ्याकडे तू आहेस आणि तुझी पत्रं आहेत. ती बंद केलीस तर माझ्या पोटावर पाय येईल.

पण ती शेगडीत घातलेली गोष्ट काय? मला चैन पडत नाही. लिही. राग धर, पण गप्प बसू नकोस.

तुझा,
क्लेम


स्किप्टन, ता. १२ मार्च

चि. क्लेम यास अनेक आशीर्वाद.

माझ्या छातीत डाव्या बाजूला गाठ आहे. वाटाण्याएवढी होती, आता अक्रोडाएवढी झाली आहे. डॉक्टर म्हणाले की एप्रिलमध्ये कापून काढायची, मग तपासायची, आणि काय ते तेव्हा कळेल. ते माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत बोलत होते, ते मला आवडलं नाही.

भीती वाटते. कपाटं तीनदा आवरली. पडदे धुतले, वाळायच्या आत उतरवले आणि पुन्हा धुतले. चहा करते आणि प्यायची विसरते.

हे तुझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही. नकटी असो, कजाग असो, रेडिओवरची डोरीन तुझी आहे, तिचं काय वाटेल ते कर. ही गाठ माझी आहे. ती टेबलावर आली तर तुझं-माझं संपलं, एवढं लक्षात ठेव.

डोरीन


लंडन, ता. १४ मार्च

ती. ताईस नमस्कार.

काय लिहू कळत नाही. माझ्यासारख्या माणसाला हे लिहावं लागतंय, यावरून समज.

शब्द देतो. रविवारी रेकॉर्डिंग आहे. बेसिलला सांगितलं तर तो कारण विचारणार, म्हणून त्याला काही सांगत नाही. त्याने विचारलंच तर पत्र आलं नाही म्हणेन. ऑपरेशनची तारीख कळव. तू शुद्धीवर येशील तेव्हा मी तिथे असेन.

तुझा,
क्लेम


स्किप्टन, ता. २६ मार्च

श्री. क्लेमंट हॉरोक्स यांस, स. न. वि. वि.

काल साडेसहाचा आपला कार्यक्रम ऐकला. बहीण डॉक्टरकडे गेली, अर्ध्या तासाने डॉक्टरच बाहेर आला आणि रांगेतल्या लोकांना म्हणाला की तुमच्यात कुणी डॉक्टर असेल तर मला तपासा. लोक फार हसले. आपल्याला दोन गुणही मिळाले.

मी रेडिओ बंद केला आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. बटाटे जळाले. हेही सांगा त्यांना.

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा आपला धंदा आहे, तेव्हा दोष आपला नाही, मी विश्वास ठेवला त्याचा आहे. तारीख कळवणार नाही. येण्याचे कष्ट घेऊ नयेत.

डोरीन हॉरोक्स


लंडन, ता. २८ मार्च

ती. ताईस क्लेमचा नमस्कार. वि. वि.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो. निदान हे पत्र शेगडीत घालण्याआधी वाच.

काल-परवाचं ते बोलणं नव्हे. ते १० फेब्रुवारीला बोललेलो. आम्ही एका बैठकीत दोन भाग रेकॉर्ड करतो आणि ते सहा आठवडे उलटल्यावर लागतात. तुझ्या पायाला भोवरी झाली होती, तू डॉक्टरकडे गेली होतीस, ते जानेवारीतलं पत्र. गाठीबद्दल मी कुणापाशी एक अक्षर काढलेलं नाही.

इथे थांबलो असतो तर तू कदाचित माफ केलं असतंस. पण पुढचंही सांगतो. शुक्रवारी मला आठवलं की सोमवारी तो भाग लागणार. एक फोन केला असता तर त्यांनी तेवढा तुकडा कापला असता, रोजच कापतात. फोनपाशी दोनदा गेलो. पण त्या अर्ध्या तासात माझ्या नावावर तेवढं एकच हसू होतं. ते गेलं असतं तर मी मुका ठरलो असतो. म्हणून केला नाही. वाटलं, तुला कळेल की जुनं आहे. खरं तर असं वाटलंही नाही, तसं मी स्वतःला समजावलं.

१७ तारखेच्या रेकॉर्डिंगला बेसिलने विचारलं. पत्र आलं नाही म्हणालो. लोक हसायला थांबले होते, मग कुणीतरी खोकलं. त्यानंतर दोन तासांत मला काही सुचलं नाही. शरद ऋतूतल्या नव्या मालिकेत माझ्या खुर्चीवर दुसरा कुणी बसेल, असं निर्मात्यांनी गोड शब्दांत कळवलं आहे. २१ एप्रिलचं रेकॉर्डिंग माझं शेवटचं. हे दया यावी म्हणून लिहीत नाही. तुला दुसरीकडून कळू नये म्हणून लिहितो.

ताई, तारीख सांग. मला फार भीती वाटते.

क्लेम


स्किप्टन, ता. ३ एप्रिल

चि. क्लेम,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला, दुसऱ्यांदाही आला. पण त्या फोनचं तू सांगितलं नसतंस, तर मी तुझ्यावर पुन्हा कधी विश्वास ठेवला नसता.

मंगळवारी, नऊ तारखेला. गुरुवारपासून भेटायला देतात, दुपारी दोन ते तीन. काही आणू नकोस. आणि मला हसवायचं नाही, टाके असतील. वॉर्डातल्या बायकांनाही हसवायचं नाही, त्यांनाही असतील. नुसतं बसता येत असेल तर ये.

डोरीन


स्किप्टन, हॉस्पिटल, ता. १३ एप्रिल

चि. क्लेम यास अनेक आशीर्वाद.

हात नीट उचलत नाही, म्हणून अक्षर कोंबडीचे पाय झालं आहे. गाठ सगळी निघाली म्हणतात. तपासणीचं उत्तर मंगळवारी येईल. तोवर जीव टांगणीला आहे, पण चहा प्यायची आठवण राहते.

गुरुवारी तू तासभर बसलास. तीनदा तोंड उघडलंस आणि तीनदा मिटलंस, मी मोजत होते. ते संत्रं सोलून त्याच्या शिरा काढत बसलास, आणि शेवटी ते खाल्लंसही तूच. मला फार बरं वाटलं. इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

तू गेल्यावर शेजारच्या खाटेवरच्या मिसेस थ्रेलफॉल यांनी विचारलं की ते कोण. भाऊ म्हटलं. त्या हळहळल्या. म्हणाल्या की बिचारा लहानपणापासूनच असा का, आणि त्याचं पोटापाण्याचं काय? मी सांगितलं की तो रेडिओवर बोलतो. त्यांनी माझा हात थोपटला आणि नर्सला बोलावून सांगितलं की बाईंना ताप चढलेला दिसतो, जरा बघा. नर्सने खरंच थर्मामीटर लावला. तोंडात ती काच, टाके ओढतायत, आणि मला हसू आवरेना.

विनोद चांगला आहे, एवढं मलाही कळतं. तुझ्या शेवटच्या रविवारी बेसिल चष्म्यावरून बघेल आणि विचारेल. लोक टाळ्या वाजवतील. सांगू नकोस. हा मी तुला दिला आहे, त्यांना नाही.

तुझी ताई,
डोरीन