तीस चिठ्ठ्या, वचन एकच

पनवेल,
सोमवार, ४ जानेवारी १९५४

प्रिय आयझॅकमामा यांस भाचा दादूचा सलाम.

इथे सगळे खुशाल आहोत, आईची कंबर सोडून. मामींचा गुडघा कसा आहे? तुमची दाढ काढली की अजून तोंडातच आहे? असेल तर बुधाजी मास्तरांना कळवू नका. ते म्हणतील, ही दाढ दुखणार हे जग घडायच्या आधीच नेमलेलं होतं. आणि झकेरिया कंपाउंडर म्हणतील, ती तुम्ही स्वतःच्या इच्छेनं गूळ खाऊन किडवली. दोघं मिळून चार तास भांडतील आणि दाढ तुमची ठणकत राहील. आमच्या चर्चच्या मंडळीत सध्या दुसरा उद्योगच नाही.

मास्तरांचं म्हणणं तुम्हाला ठाऊकच आहे (एका बाकावर बसून धर्मशिक्षण घेतलंत दोघांनी, तुम्ही कसे शाबूत राहिलात देव जाणे) की मरणानंतरच्या तारणासाठी कोण निवडला आणि कोण वगळला याची यादी देवानं आधीच केलीय आणि तिच्यात खाडाखोड नाही. कंपाउंडर म्हणतात, देवानं दार उघडं ठेवलंय, आत यायचं की नाही ते माणसानं ठरवायचं. ऐकायला दोन्ही बरं वाटतं. पण वागणं बघा. शाळेत पोराला उशीर झाला तर ती पोराची स्वतंत्र इच्छा, घे दोन छड्या. मास्तरांना उशीर झाला तर देवाची योजना. दवाखान्यात रोगी उठून बसला तर कंपाउंडरच्या लाल मिक्श्चरचा गुण, आणि दगावला तर प्रभूची मर्जी. म्हणजे अडचण आली की दोघंही एकमेकांच्या घरात शिरतात, आणि ती टळली की आपापल्या घरी येऊन कडी लावतात.

तुम्ही म्हणाल, दादू, तुला यात काय करायचंय, तू मॅट्रिकला गणितात दोनदा आपटलेला माणूस. मामा, मला दिनाशी लग्न करायचंय. (दिना म्हणजे मास्तरांची मुलगी. तुम्ही तिला फ्रॉकात पाहिली असेल. आता मिशनच्या शाळेत तिसरीला शिकवते आणि माझ्याकडे बघून हसत नाही. पण न हसायला तिला मेहनत पडते, ते मला दिसतं.) नोव्हेंबरात धीर करून मास्तरांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "दादू, माझा तुझ्यावर राग नाही. पण तू निवडलेल्यांत दिसत नाहीस." का, तर मी चर्चच्या घंटेच्या आतल्या लोखंडाला गोणपाट गुंडाळलं होतं आणि त्या रविवारी अख्खी मंडळी अर्धा तास उशिरा आली. मी म्हटलं, मास्तर, गोणपाट तर जग घडायच्या आधीच नेमलेलं असणार, मी नुसती सुतळी बांधली. तर म्हणाले, "हे असं बोलणं, हीच वगळल्याची खूण." आता काय करायचं? बोललो तर खूण, गप्प बसलो तर पोरगी जाते.

मग कंपाउंडरकडे गेलो. म्हटलं, तुमच्या देवाचं दार उघडं आहे, मास्तरांना जरा सांगा. ते म्हणाले, माणूस आपल्या इच्छेनंच नापास होतो, आधी सुधार. हे सांगताना ते आरशासमोर केसांना कलप लावत होते. सेहेचाळीस वर्षांचा विधुर कलप कशाला लावतो, हे तेव्हाच माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं. (डोकंही माझं देवानंच नेमलेलं, तक्रार कुणाकडे करू?)

आता डब्याची गोष्ट. नव्या वर्षाला पवित्र शास्त्रातल्या वचनाची चिठ्ठी आपण सगळेच काढतो, पण मास्तरांच्या घरची रीत न्यारी. बिस्किटाच्या डब्यात शास्त्रातल्या ओळी लिहिलेल्या तीस चिठ्ठ्या, विडीसारख्या वळलेल्या. सगळ्या घरासाठी एकच काढायची, ती मास्तरांनी, डोळे मिटून. हाताला लागेल ती देवानं नेमलेली. मग ती चौकटीत घालून दारावर लावतात आणि वर्षभर तसं वागतात. गेल्या साली 'स्वस्थ राहा आणि वाट पाहा' अशा अर्थाचं काहीतरी आलं, तर मास्तरांनी छप्परच शाकारलं नाही. दिना सबंध पावसाळा पलंगावर छत्री उघडून झोपली. मी म्हटलं, जो माणूस चिठ्ठीपायी पोरीला भिजवतो, तो चिठ्ठीपायी पोरगी देईलसुद्धा.

डबा चर्चच्या कपाटातून मास्तरांच्या घरी पोचवायचं काम माझ्याकडे आलं. शास्त्रात एक बाप मागणी घेऊन आलेल्या माणसाला सांगतो ना, की मुलगी तुझ्यापुढे उभी आहे, घेऊन जा? ती ओळ मी नव्या तीसच्या तीस चिठ्ठ्यांवर लिहिली आणि जुन्यांच्या जागी डब्यात भरल्या. अख्खी दुपार गेली, अंगठा सुजला. पण देवाला चुकायला जागा ठेवली नाही.

एक तारखेला उपासनेनंतर मास्तरांच्या ओटीवर कंपाउंडर, मी, नाताळच्या उरलेल्या करंज्या आणि पायरीवर गव्हाणची हौसाबाई. (ती मास्तरांकडे मासळी घालते, करंजीसाठी थांबली होती.) मास्तरांनी डोळे मिटून चिठ्ठी काढली, वाचली. म्हणाले, "दिनाचं या वर्षी ठरणार." मी विजार झटकली, घसा साफ केला आणि एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात कंपाउंडरनी डबा ओढला. "तुम्हाला नेमलेली मिळाली ना मास्तर? आता माणूस आपल्या इच्छेनं कशी निवडतो ते बघा." डोळे टक्क उघडे ठेवून त्यांनी डबा ढवळला, दोन उचलून परत टाकल्या आणि तळातली एक काढली. मामा, एवढ्या स्वातंत्र्यानं कुणी काही निवडलेलं मी अजून पाहिलं नाही. वाचली, आणि आवाज एकदम मधाळ झाला.

"मास्तर, हे तर नेमलेलंच दिसतंय."

आणि जन्मभर स्वतंत्र इच्छेची पिपाणी वाजवणारा हा माणूस सांगू लागला की देवापुढे माणसाची इच्छा म्हणजे धूळ, आणि दिना जग घडायच्या आधीपासून त्याचीच आहे. आणि आपले मास्तर? ते लाल होऊन ओरडले, "झकेरिया, देवानं तुला अक्कल दिलीय, इच्छा दिलीय. नाही म्हण!"

"मी कोण नाही म्हणणारा?"

"माणूस आहेस ना? की दगड आहेस?"

वीस वर्षांचं भांडण, आणि दोघांनी एका मिनिटात जागा बदलल्या. आवाज मात्र तेवढाच. हौसाबाई करंजी चघळत म्हणाली, "आमच्या देवीचा कौल बरा बाय. फूल उजवं पडतं नायतर डावं. तुमच्या डब्यात एकच बाजू हाय का?" खरं सांगावं तर मी कायमचा वगळलेल्यांत. गप्प बसावं तर दिना त्या कलपाच्या घरी. जन्मात पहिल्यांदा निवड खरोखर माझ्या हातात होती, आणि मामा, मी करंजी उचलली.

तेवढ्यात दिना आतून आली. डब्यातली एक चिठ्ठी काढून वाचली, माझ्याकडे नुसतं बघितलं आणि कमरेला खोचली. मग बापाला म्हणाली, "बाबा, वचन बरोबर आहे, पण अर्धंच आहे. त्याच अध्यायात सहा ओळी खाली वाचा." मास्तरांनी शास्त्र उघडलं. तिथे त्याच घरची माणसं म्हणतात, पोरीला बोलावू आणि तिलाच विचारू. आता छापलेल्याला मास्तर नाही कसं म्हणणार? त्यांनी विचारलं. दिना म्हणाली, "झकेरियाकाका, तुम्ही मला लहानपणी एरंडेल पाजलंय. त्याची चव अजून जात नाही. नाही." कंपाउंडर करंजी तशीच टाकून उठले.

माझ्याबद्दल तिला कुणी विचारलंच नाही. मी निघालो तर विहिरीपाशी डबा घेऊन उभी. म्हणाली, "तुझं अक्षर मी चौथीपासून ओळखते. सत्तावीस उरल्यात. मार्चच्या परीक्षेला बस, गणितात पास हो, मग बाबांना माझ्याकडची एक दाखवीन. नापास झालास तर सगळ्या एकदम दाखवीन." आणि हसली. मामा, मेहनत न घेता हसली.

मामींना सलाम सांगा.

तुमचा भाचा,
दादू

ता.क. बीजगणिताचं जुनं गाइड मिळालं तर पाठवा. फाटकं चालेल, उत्तरं असलेलं हवं.

आणखी ता.क. कंपाउंडर परवापासून मास्तरांच्या ओटीवर पुन्हा दिसू लागलेत, कलप ताजा आहे. म्हणून सोबत एक कागद जोडलाय. तो तुमच्या अक्षरात उतरवून मास्तरांना धाडा. 'बुधाजी, का कोण जाणे, आज आपोआप मनात आलं की दिनाचं जूनपर्यंत ठरवू नये' असा मजकूर आहे (जूनला माझा निकाल). अगदी तुमच्या मनानं लिहिल्यासारखं वाटलं पाहिजे, म्हणून एकही शब्द बदलू नका.

शेवटचं ता.क. लिहायचं की नाही, ही सर्वस्वी तुमची स्वतंत्र इच्छा. फक्त मास्तरांना मी कालच सांगून बसलोय की मला दृष्टान्त झाला, गुरुवारच्या टपालानं मुंबईहून तुमचं पत्र येणार. ते आलं तर मी निवडलेल्यांत. तेव्हा बुधवारी दुपारच्या आत पेटीत टाका.