सवडीने यावे

१२ नोव्हें. ८७, गुरुवार
देवस्थान समितीचा अध्यक्ष होऊन तीन महिने झाले, आज पहिल्यांदा अध्यक्षासारखं काम केलं. सातेरी देवीच्या सप्ताहाची यादी, येत्या २६ तारखेची. नाव सप्ताह, पण आमच्याकडे तो एकाच दिवसाचा; चोवीस तास भजन तुटता कामा नये. तीन-तीन तासांचे आठ पहारे, वाड्यावाड्यांत वाटलेले. दुपारी बारा ते तीन वरच्या चाळीचा. ती मंडळी राज्याच्या हद्दीपलीकडची, सावंतवाडीकडची, इथे खाणीवर ट्रक चालवतात. भर दुपारी गाडी उभी करून यायचं म्हणजे खेपा बुडाल्याच. गेल्या वर्षी त्यांचा म्होरक्या भिकादादा घामाघूम धावत आला, तेव्हाच मनात घेतलं होतं. यंदा तो पहारा शाळेच्या मुलांना दिला. चाळीपुढे लिहिलं, "सवडीने यावे." एका दगडात दोन पक्षी. अक्षरही झकास आलंय. यादी देवळाच्या फळ्यावर लावली.

१४ नोव्हें.
यादी वाचून कुणीच काही बोललं नाही. गाव शहाणं झालं म्हणायचं.
पुलाच्या कठड्यावर कुणीतरी डांबराने लिहिलंय, "भायल्यांनी भायर सरचें." घटकराज्य झाल्यापासून बाहेरच्यांना हाकलायचे हे चाळे वाढलेत. मुलांना तिकडे बघू नका म्हटलं. म्हणजे सगळी बघून आली.

१६ नोव्हें., सोमवार
सकाळी शाळेच्या व्हरांड्यात पाच नारळ नि तेलाची बाटली. आपल्या पहाऱ्याचं तेल-नारळ ज्याने त्याने आणायचं असतं. चाळीने ते आपल्या गावाहून आणून ठेवलं होतं. शिपाई म्हणाला, भिकादादा ठेवून गेला, "पोरांक द्या" म्हणाला. मला न भेटता! आभार राहिले बाजूलाच.
हिला सांगितलं. चहात उंडो पाव बुडवत म्हणाली, "तुमी तांकां विचारलें?"
विचारायचं काय त्यात? भलं करायला परवानगी लागते? ही उठून आत गेली. चहा निवला.

१८ नोव्हें.
आज शाणू खजिनदार भेटला. मंडपाच्या छपराचा ठराव त्याच्या मताशिवाय होत नाही, म्हणून थांबलो. पाठीवर थाप मारून म्हणतो, "बरें केलें मास्तर. भायल्यांक काडले तें. राज्य आपलें जालें, आतां देवूळय आपलें जावंदी."
मी हसलो.
"तसं नाही रे शाणू," एवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही. वर्गात पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारतो मी. छपरासाठी हसलो.
पुलावरचं डांबर आणि माझी यादी, चाळीने दोन्ही एकाच आठवड्यात वाचली. एकाच हाताची वाटली असणार. लाज वाटते लिहायला.

२० नोव्हें., शुक्रवार
चाळीत गेलो. घरातलं एकच स्टूल, ते मला दिलं. चहा दिला. मी पाऊण तास बोललो. ऊन, खेपा, तब्येत, मुलांचा उत्साह, सगळे मुद्दे. भिकादादा मान हलवत ऐकत होता. मला वाटलं, पटतंय.
मग म्हणाला, "गुरुजी, आमका जड जाता म्हणान आमी तुमका कधी सांगलव?"
नाही सांगितलं.
"माझ्या बापाशीन ह्यो पहारो घेतलो. दुपारचो कोणाक नको होतो. मतदार यादीत आमचा नाव नाय. रेशनकार्ड थंयचा, गावचा. हंय आमचा नाव वर्सातून एकदा लागता, देवळाच्या फळ्यार, पहाऱ्यापुढे. पोरां बघूक येतत."
मी म्हटलं, तुमच्या भल्यासाठीच केलं. "होय, होय," म्हणाला. दोनदा. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

२३ नोव्हें.
नवी यादी लावली. बारा ते तीन, वरची चाळ. ही म्हणाली, "परत विचारिनासतना?" मी चिडलो. मग काय, सगळ्या गावाला विचारत हिंडू?
संध्याकाळपर्यंत मुलांचे आईबाप दारात. दहा दिवस पोरं घसा फोडतायत, त्यांनी काय करायचं? मुलांना मध्ये उभं करू, म्हटलं. "आमचीं भुरगीं जागो भरपाक न्हय," एक बाई म्हणाली. शाणू गावभर सांगतोय, मास्तर भायल्यांना भ्याला. छपराचं मत गेलं. चाळीला शिपायाकरवी निरोप पाठवला. उत्तर आलं, "बघूया."
गुरुवारी दुपारी कुणीच उभं राहिलं नाही तर भजन तुटेल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि माझ्यामुळे. 

२६ नोव्हें., गुरुवार
बारा वाजता खालच्या वाड्याने टाळ माझ्या हातात दिले नि जेवायला गेले. मुलं आली नाहीत, आईबापांनी घरी ठेवली. चाळीतलं कुणी नाही. मी आणि भटजी. माझा आवाज म्हणजे पाढे म्हणवून घ्यायचा आवाज, त्यात नाम घेत समईभोवती फिरत राहिलो. भटजींना खोकला लागला. एकदा श्वास घ्यायला थांबलो तर देऊळ एकदम रिकामं वाटलं, घाबरून ओरडलोच.
साडेबाराच्या सुमारास बाहेरून कुणीतरी नाम उचललं. भिकादादा. एकटा, खाकी कपड्यात. पायऱ्या चढला नाही, खाली उन्हात उभा राहिला. वर या म्हणून मी हाताने खुणावलं. डोळे मिटले त्याने. तीन वाजेपर्यंत भजन त्याने ओढलं, मी मागे मागे म्हणत राहिलो.
पुढचा वाडा आला तसा तो निघाला. मी अनवाणीच मागे धावलो. "भिकादादा, पुढच्या वर्षी कुठली वेळ ठेवू तुम्हाला?"
"आता इचारतास?"
मग गाडीचं दार धरून म्हणाला, "मी देवीसाठी इलंय. चाळीतले म्हणतत, आपलो सप्ताह आपण वेगळो करूया."
"तुम्ही काय म्हणालात?"
चढला आणि गेला.
ही म्हणते, उद्या परत चाळीत जा, आणि यावेळी नुसतं ऐका. जाईन. मध्ये बोलणार नाही.
हे लिहितानाच मनात तीन मुद्दे तयार झालेत.