वाळू कुठून आणली होतीस?

पुंता सेका,
४ जून २०१७

चि. एलादियो यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकशील. फोन मुद्दामच करत नाही. तुझा आवाज ऐकला की मला विल्तेरची आणि कारमिताची शवपेटी आठवते, नवऱ्याची मोठी आणि लेकीची छोटी, आणि बोलणं खुंटतं. त्यांच्या वर्षाच्या प्रार्थनेला तू आला नाहीस. बाबांनी बाकावर तुझ्यासाठी टोपी ठेवून जागा धरली होती. असो.

बातमी अशी की मी घर बांधतेय. भूकंपानंतर चौदा महिने तंबूत काढले, आता पुरे. सिमेंटच्या छपराखाली मला या जन्मी झोप लागायची नाही, म्हणून बांबूचं आणि मातीचं. हसू नकोस. पोर्तोव्हिएहोहून फाबिओला इंत्रियागो नावाची आर्किटेक्ट येते. मला वाटलं होतं, नकाशा दाखवील आणि सही मागेल. तर ही बाई तीन दिवस नुसती माझ्यामागे फिरली. चूल कुठल्या अंगाला हवी, वारा कुठून येतो, न्हाणीचं पाणी केळींना सोडायचं का, अंथरुणातून उठून दारापर्यंत किती पावलं. हा शेवटचा प्रश्न ऐकून मी उठून केळींकडे गेले. तिने कागदावर एकाऐवजी दोन दारं काढली.

तिला जुन्या घराचा राडारोडा नव्या घराच्या पायाभरणीत घालायचा आहे. आहे ते फेकू नये, असं तिचं मत. त्यासाठी विचारते की सळई किती जाडीची होती, सिमेंट किती, वाळू कुठली. घर तू बांधलंस, तेव्हा तूच कळव.

बाबा बरे आहेत. शेंगदाण्याच्या रश्श्यात मासा कमी पडला की अजून भांडतात. जिवाला जप आणि आमची आठवण ठेव.

तुझी,
ओब्दुलियाताई

तेना,
११ जून २०१७

ती. ताईस एलादियोचा सा. न. वि. वि.

बसवाल्याने पत्र हातात दिलं तेव्हा अक्षर ओळखून तिथेच फोडलं. इथे मी माशांची तळी खणतो. भूकंपानंतर गवंड्याच्या थापीला हात लावलेला नाही.

ताई, बांबूचं घर? बाबांच्या खोपटातून बाहेर पडायला आपण अर्धा जन्म घालवला. शाळेत पोरं आपल्याला ‘टोपलीतली कोंबडी’ म्हणायची, ते विसरलीस का? आता पैसे देऊन आर्किटेक्ट आणायची आणि पुन्हा टोपलीतच जाऊन बसायचं! बाबा मनातल्या मनात हसत असतील.

बाईंना सांग, सळई बारा मिलिमीटरची. वाळू नदीची, ट्रकने आलेली. पण तो राडारोडा वापरू नका. मेलेल्या घराचं काही नव्या घरात नेऊ नये. खाडीत लोटून द्या आणि मोकळ्या व्हा.

बाबांना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
एलादियो

पुंता सेका,
१८ जून २०१७

चि. एलादियोस अ. आ.

बाबा हसले नाहीत. एवढंच म्हणाले की टोपली उभी राहिली. खरंच आहे. भूकंपाच्या संध्याकाळी त्यांचं खोपट नावेसारखं हललं आणि परत जागेवर आलं. एक ताटलीसुद्धा फुटली नाही. आता चंद्र उतरणीला लागलाय, म्हणून ते रोज पहाटे बांबू तोडायला जातात. चढत्या चंद्रात तोडलेल्याला कीड लागते, हे त्यांनी फाबिओलाबाईंना ऐकवलं. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि तरीही सगळे बांबू किडीसाठी बोरिक पावडरच्या पाण्यात बुडवायला लावले. त्यावरून दोघांचं दिवसभर वाजलं.

पण पत्राचं कारण वेगळं. परवा बाईंनी आपल्या भिंतीचा तुकडा उचलला. तो त्यांच्या मुठीतच चुरला. आत शिंपल्या होत्या, अख्ख्या, नखाएवढ्या. त्यांनी चुरा जिभेला लावून पाहिला आणि खारट म्हणून थुंकला. मग खांबाची सळई दाखवली, मिठाने गंजून विणायच्या सुईएवढी उरलेली. हे काम कुणाचं, म्हणून विचारलं. मी सांगितलं, माझ्या भावाचं. त्यांनी प्यायला पाणी मागितलं.

एकदाच विचारते. वाळू कुठून आणली होतीस?

ओब्दुलिया

तेना,
२७ जून २०१७

ती. ताईस,

नमस्कार लिहायचा मला हक्क आहे की नाही, कळत नाही.

पाच पत्रं लिहून फाडली. दोनांत विल्तेरवर ढकललं होतं. मेलेला माणूस काही उलटून बोलत नाही. पण तसं नव्हतं.

घर बांधलं त्या वर्षी पावसाने रस्ता वाहून गेला आणि नदीच्या वाळूचा ट्रक अडकला. विल्तेर म्हणाला, थांबू, घाई कुणाला आहे. घाई मला होती. मी पुढची कामं घेऊन बसलो होतो. तो चार दिवस मासळी घेऊन मांताला गेला, तेवढ्यात मी किनाऱ्यावरून नऊ गाड्या वाळू आणली. पहिल्या दोन गोड्या पाण्याने धुतल्या. मग पाणी पुरेना. तो परत आल्यावर सांगितलं की ट्रक आला. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

ढिगाऱ्यातून कारमिताला मी काढलं, हे तुला ठाऊक आहे. तिच्या अंगावरचा भिंतीचा तुकडा उचलायला गेलो तर तो बोटांत फुटला, ओल्या बिस्किटासारखा. तेव्हाच कळलं. दफन झालं आणि मी पळालो.

एलादियो

पुंता सेका,
३ जुलै २०१७

एलादियो,

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. ते उठले आणि बांबू तासायला जाऊन बसले. जेवायला आले नाहीत.

मला तुला शिव्या द्यायच्या आहेत. त्या मागाहून देईन. त्याआधी एक सांग. त्याच वर्षी तू लुस्मिला मास्तरणीचं आणि म्हाताऱ्या मोरेइरांचं घर बांधलंस. दोन्ही उभी आहेत. तडे बुजवून वर गुलाबी रंग दिलाय. मोरेइरांच्या दोन नाती आत झोपतात. धाकटी कारमिताच्या वर्गात होती. त्या घरांत कुठली वाळू आहे?

उलट टपाली कळव. बाकी काही लिहू नकोस.

ओब्दुलिया

पुंता सेका,
२३ जुलै २०१७

एलादियो,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. तीच वाळू, दोन्ही घरांत. तुला यायचं धैर्य नाही, लोक जिवंत ठेवणार नाहीत, हेही वाचलं.

मग मी गेले. मास्तरणीने तुझं पत्र दोनदा वाचलं आणि त्याच दिवशी सामान बहिणीकडे हलवलं. मोरेइरांनी मात्र हाकलून दिलं. म्हणाले की स्वतःची माणसं गेली म्हणून दुसऱ्याचं छप्पर हिला बघवत नाही. फाबिओलाबाई तासभर समजावत होत्या, गंजकी सळई दाखवत होत्या. तर म्हणतात, कागदावर घरं काढणाऱ्यांचं आपण ऐकत नाही. एलादियोने बांधलंय, पोरगा कामाला चोख आहे.

ऐकलंस ना? त्यांचा विश्वास तुझ्यावर आहे. परवा जमीन जराशी हलली. मी तंबूतून धावत त्यांच्या फाटकापर्यंत गेले. मुली आतच होत्या.

धैर्याची गोष्ट पुन्हा काढू नकोस. ये.

ओब्दुलिया

मोरेइरांचे अंगण, पुंता सेका,
९ ऑगस्ट २०१७

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाबांच्या हाती हे देतो. तुझ्या दारापासून पाचशे पावलांवर आहे, पण तू तोंड फिरवलंस ते बरोबरच आहे, म्हणून लिहितो.

मोरेइरांना सगळं सांगितलं. त्यांना वाटलं, तू मला पढवून आणलंस. मग मी त्यांना म्हणालो, नाती दोरीच्या खाटांवर अंगणात निजू देत, त्यांच्या खोलीत मी निजतो. घर पक्कं आहे तर तुम्हाला काय भीती. तीन दिवस तिथे राहिलो. छताकडे बघत पडायचो. चौथ्या दिवशी म्हातारा स्वतः हातोडा घेऊन आला. कोपऱ्यातल्या खांबावर एकच घाव घातला. कोपरापर्यंत हात आत जाईल एवढा ढलपा निघाला. त्यांनी गंजलेली सळई बोटांनी चाचपली. मग मला म्हणाले, “पोरा, तुला मी माझ्या हाताने जेवायला वाढलं होतं.” संध्याकाळपर्यंत सगळे बाहेर आले.

आता ते घर मी उतरवतोय, एकटाच. मास्तरणीच्या नवऱ्याने माझे दोन दात पाडले. बायका थुंकतात. पोलिसांत जबाब लिहून दिलाय. बोलावतील तेव्हा जाईन.

तुझं घर लांबून पाहिलं. उंच जोत्यावर, रुंद पाख्यांचं. बाबांच्या खोपटापेक्षा देखणं आहे. जवळ येणार नाही. तुझ्याकडे काही मागत नाही.

एलादियो

पुंता सेका,
१२ ऑगस्ट २०१७

एलादियो,

मी माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही. फादर म्हणतात करावं, पण त्यांची कारमिता नव्हती.

सोमवारी भिंती लिंपायच्या आहेत. माती, गवत आणि घोड्याची लीद तुडवून ठेवली आहे. फार वेळ ठेवली तर वाळून जाईल. बाबांचे हात खांद्याच्या वर जात नाहीत. फाबिओलाबाई दोन माणसं आणणार होत्या, ती येत नाहीत. मी त्यांना सांगितलं की गावात लिंपणारा एक आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, पण नको म्हणाल्या नाहीत.

सातला ये. बाई सांगतील तसंच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. माझ्याशी बोलायचं नाही.

दुपारी जेवायला थांबायचं की नाही, ते मी तेव्हा ठरवीन.

ओब्दुलिया