ब्रुनोचे पाय

१३ जुलै, रविवार

आज आबा आले होते. माझे सासरे. पालमहून एस.टी.नं, घोंगडीत कुत्र्याचं पिल्लू गुंडाळून. मेंढरांमागची त्यांची चंद्री व्याली म्हणे. "रामहरी, तुला एक आणलंय. घराला राखण हुईल."

यांनी घोंगडी उघडूसुद्धा दिली नाही. शेजारीपाजारी बघत होते ना! त्यांच्यादेखत म्हणाले, "गावठी कुत्रं दारात न्हाई पाहिजे आबा. रेल्वे कॉलनी हाय ही." आबा पायरीवरूनच वळले. मी चहाला थांबवलं, तर "गाडी चुकंल" म्हणाले. गाडीला दीड तास होता!

हे आत येऊन दाढी करत बसले. संध्याकाळी सहाला! या माणसाला तोंड लपवायचं असलं की साबणाचा फेस लागतो.

२ ऑगस्ट

नव्या साहेबांच्या बाईसाहेबांकडे डॅशहुंड आहे. लांबट, बुटका, पोट जमिनीला लागलेलं. यांनी पाहिला तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. "लय ऐट हाय त्याची!" चार बोटं उंचीचे पाय — कसली डोंबलाची ऐट?

९ ऑगस्ट

आणला! नांदेडकडच्या कुण्या मोटारसायकलवाल्याकडून, स्टेशनबाहेर. कागद नाहीत. पिल्लाचे आईबाप पाहिले नाहीत. किती आठवड्यांचं, तेही विचारलं नाही. दुकानात तूरडाळीचा दाणा चावून बघणारा माणूस हा!

काळं, गुबगुबीत, भुवयांवर तपकिरी ठिपके. डाव्या कानाला बारीकसा टवका. हे काय म्हणून विचारलं, तर "लस दिल्याची खूण." माणसाचं बरं, दंडावर भागतं.

नाव ब्रुनो.

१० ऑगस्ट

डॅशहुंड घरी आणण्याआधी काय माहीत असावं, ते यांनी मोबाइलवर वाचलं. आणल्यावर! वरातीमागून घोडं.

आता नियम. दोन हातांनीच उचलायचं — एक हात छातीखाली, एक मागून. पायऱ्या नाहीत, कॉटवरून उडी नाही. पाठ लांब असते, मणका सरकला की मागचे पाय जातात. वजन वाढू द्यायचं नाही, म्हणून भाकरीही बंद. जात हट्टी, माती उकरणार, भुंकणार. "शालू, तू वाचून घे सगळं." मला लग्नाच्या आधी कुणी असं वाचायला दिलं नाही.

१४ ऑगस्ट

सुतार बोलावून तीन पायऱ्यांना फळीचा उतार केला. यांच्या आईचे गुडघे गेले होते, तेव्हा फळी सुचली नव्हती. ब्रुनो बाजूच्या पायऱ्यांनीच टणाटण वर गेला.

३० ऑगस्ट

आबांचा फोन नाही. मीच लावला, तर "रेंज न्हाई" म्हणून ठेवला. रेंज नव्हती तर लागला कसा?

१२ सप्टेंबर

ब्रुनोचे पाय वाढायलेत.

१९ सप्टेंबर

खरंच वाढायलेत! बाईसाहेबांचा कुत्रा आज याच्या पोटाखालून निघून गेला. त्या म्हणाल्या, "हा जरा उंच वाटत नाही का?" यांनी डोळ्याची पापणी हलू दिली नाही. "मोठी साइज आहे मॅडम ही." यांचं बालपण मेंढरांच्या वाड्यात गेलं, आणि पिल्लू ओळखता येत नाही! माझ्या वडिलांचं पाथरीला शिलाईचं दुकान. मी ओळखलं नाही तर चालेल.

२ ऑक्टोबर, दसरा

आबांना सोनं द्यायला एकटीच गेले. यांना म्हणे ड्युटी. ब्रुनो घरी एकटा राहत नाही, म्हणून तोही माझ्याबरोबर. निघताना सूचना — "जीपमध्ये मांडीवर धर. पाठीला हिसका बसंल."

वाड्यापाशी उतरवला, तर चंद्री धावत आली. मला वाटलं, फाडते आता! तिनं हुंगलं आणि त्याचं तोंड चाटत बसली. तेच ठिपके. तेच शेपूट.

आबांनी ब्रुनोचा डावा कान दोन बोटांत धरला. मग एक मेंढी ओढून तिचा डावा कान दाखवला. तोच टवका. दुसऱ्याच्या कळपात जनावर मिसळू नये म्हणून आबा घालतात ती खूण. कुत्र्यांनाही घालतात, हे मला कुठे माहीत!

"तव्हा आणलं हुतं ते हेच. माघारी आणलं. मंग मोटारसायकलवर एकजण आला, म्हणला शेतावर राखणीला द्या. दिलं."

मी हसत सुटले. पोट धरून. रेल्वे कॉलनीचा डॅशहुंड! "आबा, आता घरी जाऊन सांगते बघा यांना. तुम्हाला आजच कळलं ना?"

"न्हाई. रामहरीनं चंद्रभानच्या मोबाइलवर फोटो धाडला हुता, तव्हाच." चंद्रभान म्हणजे आबांचा पुतण्या.

"मग बोलला का नाहीत?"

आबा मेंढीचा कान सोडून म्हणाले, "माझ्या हातून घेतलं न्हाई त्यानं. इकत घेतलं, तर दोन्ही हातांनी उचलायलाय. ऱ्हाऊ दे की. सांगू नको."

माझं हसू तिथंच थांबलं. रडू आलं. आणि यांचा इतका राग आला की सोनं द्यायचं विसरूनच गेले, फाट्यावरून परत जाऊन दिलं.

३ ऑक्टोबर

यांनी ब्रुनोची पाठ चाचपून पाहिली. "उडी मारू दिली न्हाईस ना?" नाही म्हटलं. जिभेवर आलेलं गिळलं. "आबा काय म्हणले?" "गुणी कुत्रं हाय म्हणाले."

२० ऑक्टोबर

व्हायचं ते झालं. दिवाळीच्या फराळाला सगळी कॉलनी साहेबांच्या अंगणात. ब्रुनो मागच्या पायांवर उभा राहून टेबलावरची चकली घेऊन आला. बाईसाहेब सगळ्यांसमोर म्हणाल्या, "रामहरी, चक्क गावठी आहे हो हा! द्या सोडून रुळांपलीकडे." काय हसले सगळे! चकल्या खाऊन खाऊन हसले मेले.

हे ब्रुनोला घेऊन घरी आले. मला धास्ती — सोडतात की काय खरंच! आबांनी पुन्हा ऐकायचं का, की पोरानं दुसऱ्यांदा टाकलं?

हे दाढी करत बसले.

२१ ऑक्टोबर

सकाळी पाहते तर पायऱ्यांवरची फळी काढलेली. हे पायरीवर बसलेत, ब्रुनो मांडीवर, अंगठा त्याच्या डाव्या कानावर, टवक्यापाशी. दुसऱ्या हातात फोन.

"आबा, चंद्रीच्या त्याच वेतातलं आणखी एखादं ऱ्हायलंय का? मंग घेऊन या. आन् ह्या टायमाला चहाला थांबा."

मी तर यांना अजून काहीच सांगितलेलं नाही!