हळदीखालचं नाक

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
८ जानेवारी २०२५

ती. सौ. संजीवनीमावशीस,
तेजस्वीचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मेसेज केला तर आधी अल्पेशदादा वाचतो, म्हणून पत्र.

लग्नाआधीचे फोटो आले. बारवी धरणावरचे. नितीन छान दिसतो. बाजूने काढलेल्या प्रत्येक फोटोत मी मात्र नाही, माझं नाक आहे, मधल्या उंचवट्यासकट. नितीन काही बोलत नाही गं, चिखलोलीहून सासरचंही कुणी बोललं नाही. पण मला शाळेपासून याचा कंटाळा आलाय. ऑनलाइन चिमटा मागवून महिनाभर लावला, कपडे वाळत घालतात तसा. नाक लाल झालं, बाकी काही नाही.

अंबरनाथच्या डॉक्टरबाईंकडे गेले होते. ऑपरेशनमध्ये वरचं हाड घासतात, पट्टी आठवडाभर, पण सूज पूर्ण उतरून खरं नाक दिसायला वर्ष जातं. दुसरा मार्ग सुईचा. उंचवट्याच्या वर-खाली जेल भरतात, रेष सरळ दिसते. नाक लहान होत नाही आणि वर्ष-दीड वर्षात जेल विरतं. आईला विचारलं तर ती ताट सरकवून उठून गेली. तू तिला समजावशील का?

तुझा लोभ आहे, तो या नाकासकट असू दे.
तुझी,
तेजस्वी

उल्हासनगर कॅम्प ४
१४ जानेवारी २०२५

चि. तेजस्वीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तिळगूळ पाठवलाय, त्यावर समाधान मान. सासूबाई न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. दिवसा त्यांचं करते, मध्येच जीन्सचे गठ्ठे मशीनवर ओढते. माझ्या अंगात ताईशी वाद घालायचं बळ उरलेलं नाही.

तरी सांगते. ऑपरेशन आत्ता नको, सुजलेल्या तोंडाने बोहल्यावर उभी राहशील. सुईचं तू आणि डॉक्टर जाणे. हेच नाक घेऊन मी दोन पोरं वाढवली आणि चष्मा कधी घसरला नाही. पण तुझं मन तुझं आहे. जे करशील ते आईला सांगून कर. नाकापेक्षा मोती जड व्हायला नको.

माया आहेच, वेळ नाही.
तुझी मावशी,
संजीवनी

शिरगाव
१२ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. मावशीस,
तेजस्वीचा शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस. परवा सुई घेतली. आईला सांगितलं नाही. अर्ध्या तासात रेष सरळ झाली, मी आरशासमोर रडले. आईने एकदा निरखून पाहिलं आणि बारीक झालीस म्हणाली.

आता घोर वेगळाच. दोन आठवडे नाक दाबायचं नाही, चोळायचं नाही. त्वचा पांढरी किंवा निळी-जांभळी झाली, दुखायला लागलं, तर तसंच निघून यायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि एकोणीसला माझी हळद! लग्नाचे धवले गाणारी विठाआजी आणि तिच्यामागे सगळं गाव कसं चोळतं ते तुला माहीत आहे. तू माझ्याजवळ बसशील का? तू म्हणालीस तर बायका ऐकतील.

वाट पाहते. नाही म्हणू नकोस.
तुझी,
तेजस्वी

उल्हासनगर कॅम्प ४
१५ फेब्रुवारी २०२५

चि. तेजस्वीस,
अनेक आशीर्वाद.

हळदीला नाही आणि लग्नालाही येता येणार नाही गं. सासूबाईंना कूस बदलायलाही माणूस लागतं. माझ्या एकुलत्या एका भाचीचं लग्न, आणि मी इथे. लिहितानाही जीवावर येतंय.

आईला आजच सांग. आरडाओरडा करेल, पण हळदीत तुझ्यापुढे तीच उभी राहील, दुसरं कुणी नाही.

इथूनच अक्षता टाकीन.
तुझी मावशी,
संजीवनी

शिरगाव
२७ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. मावशीस,
तेजस्वीचा शि. सा. न. वि. वि.

लग्न झालं. चार दिवसांसाठी माहेरी आलेय. नाही सांगितलं मी आईला. विठाआजीने दोन्ही हातांनी नाक धरून हळद चोळली, मागोमाग साऱ्याजणी. मंडप नाचत होता, नको कुणाला म्हणणार? रात्री ठणकायला लागलं. डॉक्टरांनी रंग बघायला सांगितला होता, पण रंग दिसणार कुठून? मी पिवळीधमक. हळद धुवायची नसते, म्हणून तशीच झोपले.

सकाळी आईने स्वतः आंघोळ घातली. हळद उतरली तसा नाकाच्या शेंड्यावर जांभळा डाग निघाला. मी सगळं बोलून टाकलं. ती ओरडली नाही. ओल्या केसांनीच मला रिक्षात घातलं आणि अंबरनाथ गाठलं.

डॉक्टरांनी जेल विरघळवायची इंजेक्शनं दिली. उशीर झाला असता तर कातडी काळी पडून गेली असती म्हणाल्या. जेल गेलं, उंचवटा परत आला. संध्याकाळी सुजलेल्या नाकाला मलम लावून, नथ न घालता बोहल्यावर उभी राहिले. नितीनला मंडपात जायच्या आधी खरं सांगितलं. तो म्हणाला, दुखतंय का तेवढं सांग. आता फक्त छोटी खपली आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या सकाळी दवाखान्यात मी आत पडले होते, पडदा अर्धा उघडा होता. आईने डॉक्टरांना हळूच विचारलं, चौपन्नाव्या वर्षी नाकाचं ऑपरेशन करतात का म्हणून. त्या म्हणाल्या, तब्येत चांगली असेल तर करतात. येताना रिक्षात आईने, यातलं संजूला कळवायचं नाही, एवढंच बजावलं. मला रागही येईना. इतकी दमलेय मी. काय करू सांग.

आहे तो लोभ सांभाळून ठेव, मला लागणार आहे.
तुझी,
तेजस्वी

उल्हासनगर कॅम्प ४
४ मार्च २०२५

चि. सौ. तेजस्वीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मशीन बंद केलं आणि रडले. ताई फोटोला नेहमी समोर तोंड करून ताठ उभी राहते. मला वाटायचं, कडक स्वभाव. एका खोलीत, एका गोधडीखाली वाढलो आम्ही, आणि मला कळलं नाही. तिला कुणी विचारलंच नाही गं, आणि तू विचारलंस तेव्हा तिला ताट सोडून उठावं लागलं.

तुझ्या मनातून ते गेलेलं नाही, हे मला दिसतंय. खपली पडू दे, संसार थोडा रांगेला लागू दे. मग नीट, सगळ्यांना सांगून ऑपरेशनलाच जा. जाशील तेव्हा आईला घेऊन जा, आणि डॉक्टरांना दोघींचं विचार. मला काही माहीत आहे हे तिला कळू देऊ नकोस.

सासूबाईंसाठी आठवडाभर बाई ठेवीन. दोघींच्या नाकांवर पट्ट्या असतील तेव्हा शिरगावला चूल मी सांभाळते.

तुझी मावशी,
संजीवनी