ताइता डोंगरातले भक्षक कीटक आणि वावुदाची चूल

३ एप्रिल
किरीघामुळे ही वही लिहावी लागते आहे. माझा विद्यार्थी, जीवशास्त्रात दोनदा नापास, आता म्युझियमचा साहेब. चर्चच्या पायरीवर सर्वांदेखत म्हणाला, बाई, तारखेशिवाय नोंद चालत नाही. दुसऱ्या कीटकांना खाऊन जगणारे कीटक आमच्या डोंगरात किती जातींचे, याची पाहणी आहे. जंगल, मक्याचं शेत, कड्यावरचं गवत, तिन्हीकडचे नमुने अठ्ठावीसला द्यायचे. त्यावरून आमच्या कड्यासाठी एकच संग्राहक नेमणार. मी, नाहीतर शेजारची वावुदा. वावुदा चौथी शिकलेली. निकाल लागल्यातच जमा.

७ एप्रिल
चतुर पाच, ढालकिडे नऊ, प्रार्थनाकीटक एक. तोही माझ्या खिडकीत आपणहून आला. वावुदाशी बोलायचं नाही, असं ठरवलं.

८ एप्रिल
वावुदाशी बोलावं लागलं. ती नमुने पानांत गुंडाळून चुलीवर, बियाण्याच्या कणसांशेजारी टांगते. धुराने कीड लागत नाही म्हणे. धुरकट किडा म्हणजे विज्ञान नव्हे, हे तिला स्पष्ट सांगितलं. तिने भाजलेलं रताळं पुढे केलं. खाल्लं. मत बदललं नाही.

२२ एप्रिल
माझ्या एक्केचाळीस जाती, तिच्या एकतीस. आता फक्त रात्रीचे भुंगेरे हवेत. ते आत पडावेत म्हणून अंगणात काठापर्यंत कप पुरले, आमिष म्हणून बोकडाची आतडी. वावुदा कुंपणावरून ओरडली, पावसात या वासाने जंगलातून सियाफू मुंग्यांची फौज येईल, उंबऱ्याबाहेर राखेची रेघ ओढा. राखेने नमुने खराब होतात. शिवाय सियाफू भक्षकच. आल्या तर स्वागत आहे. सदतीस वर्षं वर्गाला शिस्त लावली आहे, असं तिला ऐकवलं.
"बाई, सियाफू काही तुमच्या वर्गात बसलेल्या नाहीत."
उर्मटपणाची नोंद केली.

२६ एप्रिल, रविवार, दुपारी १
चर्चमधून परतले. कपांपासून उंबरा, उंबऱ्यापासून टेबल, टेबलावरून ट्रे, अशी एकच काळी हलती दोरी. टाचण्या उभ्या आहेत, किडे नाहीत. परिस्थिती ताब्यात आहे.

दुपारी २
नव्हती. झाडू घेऊन ठामपणे उभी राहिले, तेवढ्यात त्या वर चढल्या. अंगणातच कपडे उतरवावे लागले. वावुदाने आधी राख आणली, मग अंगावर घ्यायला वस्त्र. हा क्रम लक्षात ठेवला आहे.
"हलू नका. हसायचं मी नंतर बघते," म्हणाली आणि एकेक मुंगी उपटू लागली. मी बाटली पुढे केली. शास्त्र म्हणजे शास्त्र.

२७ एप्रिल
वावुदाला लेबलं लिहिता येईनात. तारखा मात्र बाजाराच्या दिवसांवरून तोंडपाठ. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. केवळ शुद्धलेखनासाठी.

२८ एप्रिल
किरीघाच्या हाती दिलं ते असं. वावुदाकडून: एकतीस जाती, धुरकट, सगळ्यांचे पाय शाबूत. संग्राहक म्हणून तिचं नाव, अक्षर माझं. माझ्याकडून: तीन रिकामे ट्रे, टाचण्या दोनशे बारा, सरळ रांगेत. एक बाटली सियाफू, जात एक. अधिवासाचा रकाना किरीघाने कोरा सोडू दिला नाही. मीच शिकवलं होतं त्याला.
लिहिलं: परकर.