घोंगड्याखालचा हिरडा

राजारामपुरी, कोल्हापूर
१४ नोव्हेंबर १९९९

आक्का,

पाया पडतो. दाजींचा गुडघा आता कसा आहे? इकडं आम्ही सगळे बरे आहोत. दिवाळीला आलो नाही म्हणून तू रुसली असशील. कामाचं निमित्त सांगितलं होतं, ते खोटं होतं. तुला तोंड दाखवायला नको वाटत होतं. संयोगिता सुट्टीला घरी आली असेल, तर हे पत्र लेकीकडूनच वाचून घे, पण दाजी शेताकडं गेल्यावर.

ज्यांच्या हाताखाली मी पाहणीचं काम करतो, त्या आमच्या सरांचा अहवाल आला. अभयारण्य तुमच्या उंबरघोलच्या डोंगरापर्यंत वाढवलं तर फायदा किती, तोटा किती, याचा तो अभ्यास. फायद्याची पानं भरगच्च आहेत. जंगल राखलं की धरणात गाळ येत नाही, उन्हाळ्यात नदीला पाणी राहतं, खालचा ऊस जगतो, आमच्या नळाला पाणी येतं. सगळं खरं आहे, आक्का. जंगल राहायलाच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही.

तोट्याचं पान मात्र अर्धंच आहे. रखवालदारांचे पगार, गव्यांनी खाल्लेलं भात, आणि खाली एक ओळ : उंबरघोलचे लोक जंगलातून काही आणत नाहीत, म्हणून त्यांचं नुकसान नाही. म्हणजे भरपाई नाही, आणि पुढच्या वर्षी डोंगराची वाटही बंद.

ती ओळ मी भरलेल्या फॉर्मवरून आली आहे.

फेब्रुवारीत आम्ही आलो तेव्हा जीप बघून तुम्हाला वाटलं, फॉरेस्टवाले आले. सगळ्या वाडीनं एकच पालुपद लावलं. तूही अंगणात वाळत घातलेल्या हिरड्यावर घोंगडं टाकलंस, वर बसलीस आणि म्हणालीस, "जंगलातनं आमी काय बी आणत न्हाय सायेब. वाळकी काटकी सुदिक न्हाय." सरांनी माझ्याकडं बघितलं. मी लिहिलं, काही नाही.

त्याच हिरड्याच्या पैशावर संयोगिताच्या वसतिगृहाचा खर्च चालतो, हे मला नाही तर कुणाला ठाऊक? आई गेल्यावर माझी दहावीही त्यावरच झाली.

नऊ महिने मनाची समजूत घालत होतो, की तुला गार्डापासून वाचवलं. तसं नाही गं. ज्या गावात आपलं नातं आहे तिथं आम्हाला कामाला नेत नाहीत. मी ते लपवलं होतं. आणखी एक प्रश्न विचारला असता तर सगळं उघडं पडलं असतं, आणि जूनमध्ये नोकरी कायम व्हायची होती. म्हणून मी तुला "अहो बाई" म्हणालो. तू मलाही सांभाळून घेतलंस. "च्या घ्या की पावणं," म्हणालीस. मला लाज वाटते, आक्का. जूनमध्ये मी पेढे घेऊन आलो ना, ते याच नोकरीचे.

आता दमलोय. काल सरांना सगळं लिहून दिलं. त्यांनी तो कागद वाचून फाईलला लावला. मग म्हणाले, "तुझ्या नोकरीचं मी काही सांगू शकत नाही. पण गावानं हरकत घेतली तर ही ओळ बदलता येईल."

सुनावणी २५ तारखेला, गुरुवारी, तुमच्या शाळेत आहे. साहेब विचारतील, हिरडा किती, शिकेकाई किती, मध किती. खरं सांगितलं म्हणून कुणावर केस होणार नाही, मी दोनदा विचारून घेतलंय. वाडीतल्या बायका तुझ्या तोंडाकडं बघून बोलतात. तू नाही म्हणालीस तर सगळ्या नाही म्हणतील, आणि मग पुन्हा कुणी विचारायला येणार नाही. मीही येतोय. सगळ्यांसमोर सांगेन की ही माझी सख्खी बहीण, आणि मी जाणूनबुजून खोटं लिहिलं. दाजी काय करायचं ते करोत.

माफ कर असं लिहायचं धाडस होत नाही. शिव्या द्यायच्या तेवढ्या मला दे, पण साहेबापुढं खरं बोल.

तुझा धाकटा,
कृष्णात